आंब्याच्या बागेत काठमांडूचे गाणे

येत्या 13 फेब्रुवारीस जागतिक रेडिओ दिन असून त्यानिमित्त सिलोनची बिनाका गीतमाला आणि अमीन सयानी यांचे स्मरण रिवाजाप्रमाणे होईलच. परंतु पोर्तुगीज अमलातील गोव्यात ‘एमिसोरा द गोवा’ हे केंद्र 1961च्या डिसेंबरपर्यंत पाश्चात्त्य गीते प्रक्षेपित करीत होते, आणि पत्रादेवीच्या सरहद्दीवर माणसांना मज्जाव झाला तेव्हाही रेडिओलहरींना तो नव्हता, हे स्मरण सहसा कोणी करीत नाही. परदेशी संगीताशी या किनाऱ्याचा शेजार असा जुना आहे.

दूरदेशीची केंद्रे ऐकावयाची तर त्या काळी लघुलहरींवाचून गत्यंतर नव्हते, आणि त्या आयनांबरावरून परावर्तित होऊन येत असल्यामुळे प्रहर, ऋतू व सूर्य यांची मर्जी सांभाळावी लागे. आता केंद्रातील ध्वनी अंकरूपात संक्षिप्त होऊन इंटरनेटवरून प्रत्येक श्रोत्याकडे स्वतंत्र प्रवाहाने येतो. 128 किलोबिटचा प्रवाह तासाला सुमारे 58 मेगाबाईट डेटा घेतो. अमेरिकेतील चॅपेल हिल येथील विद्यार्थ्यांच्या डब्ल्यूएक्सवायसी केंद्राने 1994च्या नोव्हेंबरात याचा पायंडा पाडला, तर 2016च्या ‘रेडिओ गार्डन’ने पृथ्वीगोलावरील हिरव्या ठिपक्यांत जगभरची केंद्रे मांडली.

कोकणातल्या जामसंड्यात या सोयीचा खरा रसिक पाहावयाचा असेल, तर मोहोर धरलेल्या हापूसच्या बागेत जावे. राखणीस आलेला नेपाळी गडी मांगराच्या खुंटीला मोबाइल अडकवून काठमांडू लावतो. तिकडचा निवेदक सव्वानऊ वाजल्याचे सांगतो तेव्हा आपल्याकडे नऊच वाजलेले असतात, कारण नेपाळचे घड्याळ पाव तास पुढे चालते. अमृत गुरुंग यांच्या ‘नेपथ्य’ या बँडने पहाडी लोकसुरांना गिटार आणि ड्रमची जी जोड दिली, ती तेथे कानी पडते आणि “ह्या गाणा खंयचा, दाजू?” असे बागमालकाचा मुलगा विचारतो. दक्षिण आशियातील पहिले स्वतंत्र सामुदायिक केंद्र, ‘रेडिओ सगरमाथा’, काठमांडूत 1997 साली निघाले. परदेशी म्हणजे इंग्रजी अशी समजूत करून घेतलेल्या आपल्या तरुणांनी शेजारच्या या समृद्धीकडे अवश्य वळावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. गाण्यांची ॲपे आपण कालपर्यंत जे ऐकले त्याच्याच जातीचे आज पुढे करतात. निवेदक मात्र श्रोत्याची आवड न पुसता आपल्या शहराची रुची, तेथील पाऊस, सण आणि बाजारभाव यांसह गाणे ऐकवतो, आणि त्या अपरिचित परिसरामुळेच ते मनात ठसते.

या वाटेवर एक अडसर आहे. 2022 साली परवान्यांच्या प्रश्नावरून रेडिओ गार्डनला ब्रिटनमधील श्रोत्यांसाठी परदेशी केंद्रे बंद करावी लागली. गीतकार-संगीतकारांना त्यांचा मोबदला मिळालाच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु तो केंद्रे आणि हक्कदार यांनी आपसात ठरवून चुकता करावा, त्यासाठी मांगरात बसलेल्या श्रोत्याच्या तोंडावर दार लावण्याचे काही कारण नाही.