सरकारी उत्तर कसें वाचावें

‘संरक्षणमंत्र्यांनीं लोकसभेंत एका लेखी उत्तरांत सांगितलें’ किंवा ‘रस्तेवाहतूक मंत्र्यांनीं राज्यसभेला माहिती दिली’, अशा शब्दांनीं सुरू होणारी बातमी अधिवेशनाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत बहुधा रोज असते. आपण ती वाचतों आणि पान उलटतों. प्रश्न कोणत्या प्रकारचा होता, उत्तरांत काय सांगितलें आणि काय सांगावयाचें राखून ठेवलें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. सैन्यावर आणि रस्त्यांवर होणारा खर्च आपल्याच करांतून होतो. सैन्यांत जाणारीं मुलें आपल्याच घरांतलीं असतात, आणि रस्त्यावरून जीव मुठींत धरून जाणारेहि आपणच असतों. तेव्हां या उत्तरांची भाषा सुशिक्षित गृहस्थाला आणि गृहिणीला समजली पाहिजे. श्रोतेहो, ती समजावून देण्याचा आज प्रयत्न करावयाचा आहे.

प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या प्रतिनिधींना एकाएकीं मिळालेला नाहीं. १८९२ च्या कायद्यानें तो प्रथम मान्य झाला, आणि १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं भिनग्याच्या राजांनीं गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलांत पहिला प्रश्न विचारला. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले म्हणजे त्यांना शिधासामग्री पुरवितांना खेड्यांतल्या दुकानदारांना जो जाच होई, त्याविषयींचा तो प्रश्न होता. उत्तर अपुरें वाटलें तरी त्यावर पुन्हा विचारण्याची सोय त्या काळीं नव्हती. १९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, आणि १९१९ च्या कायद्यानें ती इतर सभासदांनाहि मिळाली. मात्र त्याच कायद्यानें संरक्षणाचा खर्च मतदानाच्या कक्षेबाहेर ठेवला होता. लष्करासाठीं मागितलेल्या एका रुपयालाहि नकार देणें लोकप्रतिनिधींच्या हातीं नव्हतें. त्याआधीं, १९०२ पासून, नामदार गोखले अंदाजपत्रकावरील भाषणांतून वाढत्या लष्करी खर्चाचा जो समाचार घेत, तोहि मतांच्या जोरावर नव्हे, तर आंकड्यांच्या आणि युक्तिवादाच्या जोरावर. नागपुरास मध्यप्रांताचें कायदेमंडळ १९१४ सालीं भरूं लागलें. पण सैन्य आणि आगगाडी हे विषय हिंदुस्थान सरकारच्या हातचे असल्यामुळें त्यांचा जाब येथें मागतां येत नसे. मत देतां येत नव्हतें अशा काळांत विचारण्याची ही परंपरा वाढली, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे तिची किंमत कळते.

आतां प्रश्नांचे प्रकार पाहूं. तारांकित प्रश्नाचें उत्तर मंत्री सभागृहांत उभे राहून देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारतां येतात. अतारांकित प्रश्नाचें उत्तर लेखी येतें आणि पटलावर ठेवलें जातें. त्यावर तेथें बोलणें होत नाहीं. लोकसभेंत एका दिवसाच्या यादींत तारांकित प्रश्न वीस असतात, तर अतारांकित प्रश्न २३० पर्यंत असतात. म्हणजे बहुसंख्य सरकारी उत्तरें उलटतपासणीवांचून दिलेलीं असतात. प्रश्नकर्त्यावरहि बंधनें आहेत. प्रश्न १५० शब्दांहून मोठा नसावा. त्यांत युक्तिवाद, अनुमान किंवा उपरोध नसावा. मत विचारूं नये. ‘असें झालें तर काय कराल’ असें विचारूं नये. मंत्रिमंडळांतील चर्चेसारखी स्वभावतःच गुप्त असलेली गोष्ट विचारूं नये. संसदेंतले प्रश्न आपल्याला रुक्ष वाटतात याचें कारण पुष्कळदां हे नियम असतात, सभासदाची उदासीनता नव्हे.

दुसरी गोष्ट अशी, कीं प्रश्न योग्य सभागृहांत गेला पाहिजे. येथें आपल्या गांधीबागेंतल्या कापडबाजाराचेंच उदाहरण घेऊं. सुरतेहून निघालेला कापडाचा गठ्ठा धुळें, जळगांव, अकोला, अमरावती या वाटेनें राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरून नागपुरास येतो. या रस्त्यावर खड्डा पडला तर जाब संसदेंत विचारावयाचा. भिवंडीहून निघालेला दुसरा गठ्ठा समृद्धि महामार्गानें येऊं शकतो. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता राज्याच्या रस्ते विकास महामंडळानें बांधला आणि जून २०२५ मध्यें तो संपूर्ण खुला झाला. त्याविषयींचा प्रश्न विधिमंडळांत, म्हणजे हिवाळी अधिवेशनाच्या वेळीं आपल्या नागपूरच्याच विधानभवनांत विचारावयाचा. आणि दोन्ही गठ्ठे शेवटीं ज्या गल्लीबोळांतून हातगाडीवर चढून दुकानांत शिरतात, त्यांचा जाब महानगरपालिकेच्या सभेंत. माल एकाच दुकानाचा, पण त्याची वाट तीन सभागृहांच्या हद्दींतून जाते.

ही विभागणी ठरविण्यांत नागपूरचा वांटा मोठा आहे. डिसेंबर १९४३ मध्यें, महायुद्ध चालू असतांना, देशांतील मुख्य अभियंत्यांची परिषद येथें भरली आणि तिनें वीस वर्षांची रस्तेयोजना आंखली. तिला ‘नागपूर योजना’ असेंच म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे रस्ते आणि खेड्यांचे रस्ते असे वर्ग तिनें पाडले. प्रगत शेतीच्या मुलुखांत कोणतेंहि खेडें मुख्य रस्त्यापासून पांच मैलांहून दूर नसावें, हें तिचें उद्दिष्ट होतें. पुढें १ एप्रिल १९४७ पासून राष्ट्रीय महामार्गांचा भार मध्यवर्ती सरकारनें उचलला. म्हणून आज एखाद्या आमदाराला ‘ही बाब केंद्र शासनाच्या अखत्यारींतील आहे’ असें उत्तर मिळालें, तर तें नेहमींच टाळाटाळीचें नसतें. प्रश्नाचा पत्ता चुकलेला असतो.

आतां उत्तरांच्या ठराविक शब्दांकडे वळूं. आपल्या विधानसभेंतला प्रश्न ‘हें खरें आहे काय’ असा सुरू होतो आणि ‘असल्यास’ या शब्दानें पुढें सरकतो. उत्तर येतें, ‘हें खरें नाहीं’, आणि पुढच्या भागांस ‘प्रश्न उद्भवत नाहीं’. येथें सावध राहावें. नकार प्रश्नांतल्या नेमक्या शब्दांना असतो. पूल मार्चमध्यें खचला असतां प्रश्नांत एप्रिल लिहिलें, तर ‘हें खरें नाहीं’ हें उत्तर अक्षरशः बरोबर ठरतें, आणि पूल मात्र खचलेलाच राहतो. ‘अंशतः खरें आहे’ हें उत्तर विशेष लक्षपूर्वक वाचावें, कारण सरकारनें कोणता अंश मान्य केला हें पुढच्या ओळींतच सांगावें लागतें. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यांत येत आहे’, हीं उत्तरें ऐकून आपण हंसतों. पण संसदीय पद्धतींत अशा शब्दांना आश्वासन मानतात. लोकसभेची शासकीय आश्वासन समिति १ डिसेंबर १९५३ रोजीं स्थापन झाली. मंत्र्यांनीं दिलेलें आश्वासन तीन महिन्यांत पुरें व्हावें, असा दंडक आहे. न झाल्यास मुदतवाढ मागावी लागते, आणि समिति दिरंगाईचें कारण विचारूं शकते. मंत्री बदलले तरी आश्वासन नोंदवहींत राहतें.

संरक्षणाच्या बाबतींत मात्र निराळी अडचण येते. सैन्य कोठें आहे, तोफा किती आहेत, हें शत्रूच्या कानीं जाऊं नये, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु गुप्ततेचा पडदा शत्रूसाठीं कोठवर आहे आणि स्वकीयांसाठीं कोठून सुरू होतो, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठीं १९६२ च्या युद्धानंतरचें एक निवेदन अवश्य आठवावें. नोव्हेंबर १९६२ मध्यें यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पराभवाच्या चौकशीचें काम लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे देण्यांत आलें होतें. २ सप्टेंबर १९६३ रोजीं चव्हाणांनीं लोकसभेंत तिचा निष्कर्ष सांगितला. अहवाल प्रसिद्ध करणार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट केलें; पण शिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांचें नेतृत्व, या पांच मुद्द्यांवर कोठें उणें पडलें हें त्यांनीं सभागृहापुढें मांडलें.

त्यांतला साधनसामग्रीविषयींचा भाग आपल्या आजच्या विषयाच्या अगदीं गाभ्याचा आहे. सामानाची एकंदर टंचाई होतीच, पण देशांत तें कोठेंच नव्हतें असें नेहमीं नव्हतें. मैदानी मुलुखाच्या टोंकापर्यंत सामान पोंचे. तेथून पुढें विमानानें, जनावरांच्या किंवा माणसांच्या पाठीवरून तें आघाडीवर वेळेंत नेणें जमलें नाहीं. नीट बांधलेले रस्ते नव्हते, वाहनें कमी होतीं, आणि जीं होतीं तीं जुनीं असल्यामुळें डोंगरी चढावर निकामी ठरत. म्हणजे संरक्षणाच्या प्रश्नाचें उत्तर देतांना मंत्र्यांना वाहतुकीच्या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागलें. सीमा रस्ते संघटना १९६० सालींच स्थापन झाली होती, पण दोन वर्षांत हिमालयांत किती रस्ता होणार? पुढेंहि दीर्घकाळ तिच्या कामांचा पैसा रस्तेवाहतूक खात्याच्या अंदाजपत्रकांतून येई. २०१५ सालीं ती पूर्णपणें संरक्षण खात्याकडे आली. या दोन खात्यांचीं उत्तरें शेजारीं ठेवून वाचावीं, असें मी म्हणतों तें याच कारणानें.

तो अहवाल पुढेंहि बंदच राहिला. २०१० सालीं संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनीं लेखी उत्तरांत सांगितलें, कीं त्यांतील मजकूर अत्यंत नाजूक असून आजच्या लष्करी हालचालींच्या दृष्टीनेंहि महत्त्वाचा आहे. युद्धाला तेव्हां जवळजवळ अर्धें शतक लोटलें होतें. या उत्तराशीं १९६३ चें निवेदन ताडून पाहावें. दोन्ही मंत्र्यांनीं अहवाल झांकून ठेवला; परंतु चव्हाणांनीं नकाराबरोबर दोषांची यादी दिली, आणि ती देण्यानें देशाचें कांहीं बिघडलें नाहीं. तेव्हां ‘राष्ट्रहितास्तव माहिती देतां येत नाहीं’ असें उत्तर दिसलें, कीं एवढेंच पाहावें: तपशील नाकारला आहे, कीं जबाबदारीहि नाकारली आहे? पहिलें समजण्यासारखें आहे. दुसरें निमूटपणें मान्य करण्यासारखें नाहीं.

वाहतुकीच्या उत्तरांत गुप्तता नसते. तेथें आंकड्यांचा सुकाळ असतो, आणि आंकड्यांतहि गोष्ट हरवूं शकते. अमुक किलोमीटर महामार्ग बांधले, अमुक कोटी रुपये मंजूर झाले, असें उत्तर असतें. मंजूर झालेला पैसा आणि खर्च झालेला पैसा, काम दिलेला रस्ता आणि पुरा झालेला रस्ता, यांतला भेद आपण स्वतः करावा लागतो. आणि ज्या आंकड्यावांचून हे सगळे अपुरे राहतात, तो मृत्यूंचा. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. म्हणजे दिवसाला सुमारें ४६०. डिसेंबर २०२४ मध्यें आपल्याच नागपूरचे खासदार आणि रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीं लोकसभेंत मान्य केलें, कीं अपघात निम्म्यानें घटविण्याचें ध्येय ठेवलें असतां ते घटले तर नाहींतच, उलट वाढले. असें उत्तर मंत्र्याला सोयीचें नसतें. परंतु पुढच्या प्रश्नाला पाय ठेवण्याजोगी जमीन त्यामुळें मिळते. कोणत्या महामार्गावर, कोणत्या वळणावर, कोणत्या दुरुस्तीअभावीं, असें मग नेमकें विचारतां येतें.

हें सारें खासदार-आमदारांचें काम आहे, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. पण प्रश्न त्यांच्यापर्यंत पोंचतो तो आपल्याकडून. नेमकी तारीख, रस्त्याचा क्रमांक, मैलाचा दगड, घडलेली हकीकत, हें नागरिकानें लिहून दिलें तर प्रश्न ‘हें खरें नाहीं’ या तीन शब्दांनीं उडवितां येत नाहीं. लोकसभेंत निदान पंधरा दिवस आधीं सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची वाट न पाहतां तें आधींच पाठवावें. उत्तर आलें म्हणजे त्याचें कात्रण ठेवावें. संसदेंतलीं उत्तरें आतां तिच्या संकेतस्थळावरहि कोणाला पाहतां येतात. त्यांत आश्वासनाचा शब्द असेल तर त्यावर तारीख घालून ठेवावी, आणि तीन महिन्यांनीं आपल्या प्रतिनिधीला एक पोस्टकार्ड टाकून पुढें काय झालें तें विचारावें. गांधीबागेंतला दुकानदार उधारीची वही याच रीतीनें सांभाळतो. सरकारनें सभागृहांत दिलेला शब्द हीसुद्धां एक उधारी आहे, आणि ती वसूल होईपर्यंत खातें बंद करूं नये.