कोरियन भोजन : खिशाला परवडणारे, प्रकृतीला मानवणारे

परदेशप्रवासात विमानभाडे व निवास यांचा खर्च आधीच ठरलेला असतो; अंदाज चुकतो तो बहुधा जेवणाचा. दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे या चिंतेवरचा सोपा उपाय म्हणजे मॉलमधील फूड कोर्ट.

येथे पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती अनेकदा काचेच्या कपाटात किमतीसह मांडलेल्या असतात. त्यामुळे भाषा येत नसली तरी अडत नाही. पैसे आधी भरावयाचे, आपला क्रमांक फलकावर झळकला की ट्रे स्वतः आणावयाचा आणि जेवण आटोपल्यावर तो परत नेऊन ठेवावयाचा. दर्शविलेल्या किमतीत कर समाविष्ट असतो आणि बक्षिशीची प्रथा नाही. 2024-25च्या सुमारास सोलमध्ये बिबिम्बापच्या एका वाडग्यास साधारणतः 10 ते 12 हजार वॉन, म्हणजे अंदाजे 600 ते 750 रुपये पडत.

'बाप' म्हणजे भात आणि 'बिबिम' म्हणजे कालवलेला. भातावर पालक, गाजर, मोड आलेले सोयाबीन, अळंबी व अंडे रचलेले असते. त्यात 'गोचुजांग' ही आंबवलेल्या सोयाबीनची तिखट-गोड चटणी व तिळाचे तेल घालून सारे चमच्याने कालवावयाचे. सोबत 'बानचान' म्हणजे छोटी तोंडीलावणी आणि किमची असते. खारवलेला कोबी मिरची-लसणासह आंबवून किमची तयार होते. दह्याप्रमाणेच येथेही लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू काम करतात. किमची सामूहिकरीत्या घालण्याच्या 'किमजांग' या परंपरेचा युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

भाज्यांची रेलचेल व तळणाचे अल्प प्रमाण हे या आहाराचे बलस्थान. मीठ ही मात्र त्याची दुखरी बाजू होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सेवन करावे. किमची, चटणी आणि सूप या तिन्हींत मीठ भरपूर असते. म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी चटणी बेताने घ्यावी आणि सूपमधील भाज्या व टोफू खाऊन पाणी तसेच सोडावे.

शाकाहारी वाचकांनी अधिक दक्ष राहावे. किमचीत बहुधा माशाचा अर्क किंवा खारवलेली कोळंबी असते, सूपचे पाणी अनेकदा सुक्या मासळीचे असते, तर बिबिम्बापमध्ये मांसाचा खिमा असू शकतो. 'गोगी प्पे जुसेयो', म्हणजे 'कृपया मांस वगळा', असे सांगता येते. परंतु मासळी व अंडे यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे लागते.

मागणी नोंदविण्यापूर्वी केलेली एवढी चौकशी पैशाचा अपव्यय टाळते आणि नव्या चवीचा आनंद निर्धास्तपणे घेऊ देते.