दुखऱ्या कंबरेवर मायेचा हात

“काही नाही, जरासे दुखते,” असे म्हणून आपल्या घरातील वडीलधारी माणसे दुखणे लपवितात. मुलांस खर्चात घालू नये, हा त्यांचा हेतू. पण मग बाजारातील एखादी निनावी पुडी गुपचूप पोटात जाते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. आराम चटकन पडतो, आणि हाडे मात्र आतून ठिसूळ होत जातात.

त्यापेक्षा आजीबाईंचा शेक व मालीश आम्हांस बरे वाटतात. चोळल्याने दुखणे का शमते? मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले की, मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक द्वार असते. स्पर्शाचा निरोप ते काहीसे लोटून घेतो. पुढे या मतात पुष्कळ भर व दुरुस्ती झाली. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनेही नव्या कंबरदुखीवर गोळ्यांआधी शेक, मालीश व ॲक्युपंक्चर, आणि जुनाट कंबरदुखीवर व्यायाम व योगासने सुचविली.

तथापि, वाचकहो, मधुमेहाने बधिर झालेल्या पायांस शेक देऊ नये. भाजल्याचे कळतही नाही. छातीत कळ आली, दुखण्यासोबत ताप राहिला, वजन घटले वा लघवीवरील ताबा सुटला, तर तेल बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा.

आज सायंकाळी आईच्या उशाशी क्षणभर बसा आणि खरे दुखणे विचारा. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.