टायर बघा, सस्पेन्शन कळेल

स्टँडवर बस उभी दिसली की माझी नजर आधी पुढच्या टायरवर जाते. नक्षीवरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलाय. एकच कड झिजली असेल तर संशय कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर, नाहीतर चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या सैलपणावर. जागोजागी खळगे? बहुतेक शॉकअप गेले. चाक रस्त्याला धरून राहण्याऐवजी उड्या मारतंय.

एसटीच्या लालपरीसारख्या स्प्रिंग-पाट्यांच्या गाडीत सेंटर बोल्ट तुटला तर अख्खा अ‍ॅक्सल सरकू शकतो, मग गाडी तिरकी चालते. शिवनेरीच्या व्होल्वोला पाट्यांऐवजी हवेचे फुगे. तिथे उंची राखणारा व्हॉल्व्ह न तपासता अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात!

आणि हो, दोन्ही कडा सारख्याच झिजल्या असतील तर सस्पेन्शनला शिव्या घालू नका. आधी टायरमधली हवा बघा.