शब्दांवाचून उपासना : बेनी प्रसाद यांची गिटार

बंगळुरूजवळच्या येलहंक्यात राहणाऱ्याला विमानांची सवय होते. हवाई दलाचा तळ इथे १९६३पासून आहे, १९९६पासून एरो इंडियाचे प्रदर्शन इथेच भरते, आणि २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यापासून हेब्बाळ ओलांडून निघणारी सारी वाहतूक आमच्या अंगावरूनच जाते. बेनी प्रसाद या बंगळुरूच्या ख्रिस्ती गिटारवादकाने जगप्रवासाला सुरुवात केली, तेव्हा शहराची विमाने अजून एचएएलच्या जुन्या विमानतळावर उतरत होती. प्रवास संपला तेव्हा विमानतळ येलहंक्याच्या पुढे गेला होता. १ मे २००४ ते २२ नोव्हेंबर २०१०. सहा वर्षे, सहा महिने, बावीस दिवस. एवढ्या अवधीत त्यांनी १९४ सार्वभौम देश, ५० परावलंबी प्रदेश आणि अंटार्क्टिका गाठले. शेवटचा मुक्काम पाकिस्तानचा होता.

या साऱ्यांच्या बेरजेचा २४५ हा आकडा त्यांच्या नावाला असा चिकटला आहे की, वर्तमानपत्रांतून ते आधी विक्रमवीर ठरतात आणि मग कधीतरी वादक. मला हे फार खटकते. हा माणूस हातात वाद्य घेऊन गेला होता, आणि त्या वाद्यातून काय निघत होते हे ऐकायला हवे.

त्यांच्या लहानपणाची हकीकत त्यांनीच अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. दम्याने पोखरलेले पोर. उपचारात कॉर्टिसोन इतके झाले की प्रतिकारशक्ती ढासळली, संधिवाताने सांधे धरले, फुप्फुसे साठ टक्के निकामी झाली. अभ्यासात मागे, घरात स्वतःला निरुपयोगी समजणारा हा मुलगा सोळाव्या वर्षी आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचला. त्या सुमारास एका ख्रिस्ती युवा शिबिरात त्याला जगण्याचे कारण मिळाले, आणि पुढे गिटार मिळाली. संधिवात झालेल्या माणसाने बोटांवर चालणारे वाद्य निवडावे, यातली जिद्द तार दाबून पाहिलेल्यालाच कळेल. पोलादी तार पट्टीवर दाबताना निरोगी माणसाच्याही बोटांची टोके पहिले काही आठवडे हुळहुळतात.

आपल्याकडे भक्तिसंगीत म्हटले की आधी शब्द येतात. अभंग असो, कीर्तन असो, चाल शब्दांच्या मागून चालते. मराठी ख्रिस्ती परंपराही याच वळणाची. १६१६मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले ते ओवीत. १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी भजने आणि अभंग लिहिले, तेव्हा विलायती स्तोत्रांच्या भाषांतरांना कंटाळलेल्या मंडळींना आपल्या बोलीतला ख्रिस्त भेटला. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श या जर्मन धर्मगुरूंनी भारतीय वळणाची भजने आणि नृत्यनाट्ये घडवली. त्यांचाही भर गायनावर. मुंबईचे विजय बेनेडिक्ट तर १९८२च्या ‘डिस्को डान्सर’चे शीर्षकगीत गाऊन घराघरांत पोचले आणि पुढे सिनेमा सोडून ख्रिस्ती गीतांकडे वळले. त्यांचा आवाज तोच राहिला, शब्द बदलले.

बेनी प्रसाद यांनी नेमके शब्दच बाजूला ठेवले. ते आपल्या श्रद्धेची साक्ष देताना बोलतात, भरपूर बोलतात, पण वाजवायला बसले की गिटारच बोलते. बंगळुरूत हे घडावे यात मला एक संगती दिसते. या शहरात एकाच गल्लीतल्या लोकांच्या प्रार्थना कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कोकणी आणि इंग्रजीत होतात. शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात ८ सप्टेंबरच्या सणाला जी गर्दी लोटते, तिच्यातल्या निम्म्यांना शेजाऱ्याची प्रार्थना कळत नसेल. भाषेवरून तंटे झालेल्या शहरात शब्दांविना उपासना करणारा वादक निपजला, ही मला शहराची मोठी देणगी वाटते. आणि जगाच्या पाठीवर कुठल्याही अनोळखी गावात बसून वाजवायचे, तर दुसरा उपायही नव्हता.

वाद्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. त्यांनी स्वतः आखलेल्या गिटारला ‘बेंटार’ हे नाव दिले. जगातली पहिली बोंगो-गिटार म्हणून ती ओळखली जाते. गिटारच्या लाकडी पोटावर थाप मारून ताल धरणे ही जुनी युक्ती आहे. अमेरिकेच्या मायकेल हेजेस यांनी १९८०च्या दशकात तिला कलेचा दर्जा दिला. अंगठा खर्जाच्या तारांवर, बाकीची बोटे सुरावटीवर, आणि मधूनच तळहाताचा ठोका. एका माणसाचे तीन वादक होतात. अडचण एवढीच, की लाकडाचा आवाज चामड्यासारखा घुमत नाही. बेंटारमध्ये बोंगोच गिटारच्या अंगावर बसवले आहेत, त्यामुळे हात तारांवरून उचलला की थेट तालवाद्यावर पडतो. ऐकताना पहिल्यांदा वाटते की पडद्याआड कुणी साथीला बसले आहे.

वाद्यात फेरफार करून ते आपलेसे करण्याची ही खोड भारतीयच. विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली, आणि राय कूडर यांच्याबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या अल्बमला १९९४मध्ये ग्रॅमी मिळाले. ते ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात झाले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भट्टांनी गिटार रागाकडे आणली. बेनी प्रसाद यांनी ती रागाकडे नेली नाही. त्यांची सुरावट पाश्चात्त्य स्वरसंगतीतच राहते, भारतीयपण येते ते हाताच्या ठोक्यातून.

ख्रिस्ती जगात शब्दाविना गिटार वाजवणारे ते पहिले नव्हेत. अमेरिकेचे फिल कीगी बालपणी अपघातात उजव्या हाताचे मधले बोट अर्धे गमावूनही मोठे वादक झाले, आणि १९७८मध्ये त्यांनी ‘द मास्टर अँड द म्युझिशियन’ हा सबंध वाद्यसंगीताचा अल्बम काढला. कीगींचे वादन अधिक कसलेले आहे, हे मी मोकळेपणी मान्य करीन. सुरांची वीण, एका कल्पनेतून दुसरी फुलवत नेणे, यात त्यांचा हात धरणारे थोडे. बेनी प्रसाद यांच्या रचना त्या मानाने साध्या, कधी कधी चटकन संपणाऱ्या. पण कीगींकडे जे मिळत नाही ते इथे मिळते : समोर बसलेल्या, संगीत न शिकलेल्या माणसालाही सोबत घेण्याची ओढ. ठेका सुरू झाला की मांडीवर हात आपोआप पडू लागतो. अथेन्सच्या २००४ ऑलिंपिकमध्ये आणि २००६च्या जर्मनीतल्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी त्यांनी वाजवले. त्या गर्दीला बारीक नक्षीकाम ऐकवून भागले नसते.

आता त्या प्रवासाविषयी, आकडा बाजूला ठेवून. त्या काळी भारतीय पासपोर्टवर बहुतेक देशांत व्हिसाशिवाय पाऊल ठेवता येत नसे. प्रत्येक व्हिसा म्हणजे अर्ज, बँकेचे कागद, निमंत्रणपत्र, आणि नकाराची तयारी. देवाने आपल्याला प्रत्येक देशात जायला सांगितले आहे अशी त्यांची धारणा होती. ज्यांची तशी श्रद्धा नाही त्यांनाही त्या चिकाटीपुढे मान झुकवावी लागेल. शिवाय सोबत बोंगो जडवलेली गिटार, म्हणजे प्रत्येक विमानतळावर तपासनिसांना नवे कोडे. थंडी, दमट हवा, उंची यांनी लाकूड हलते, तारा उतरतात. अंटार्क्टिकापर्यंत गेलेले वाद्य सुरात ठेवणे ही वादनाइतकीच मेहनत आहे.

प्रवास आटोपल्यावर त्यांनी बंगळुरूत ‘चाय ३:१६’ नावाचे कॅफे काढले. नावातला आकडा योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनाचा. एकाकी, निराश, जीव द्यायला निघालेल्या तरुणांना बसायला आणि बोलायला जागा असावी हा हेतू. दूरदूरहून शिकायला, नोकरीला आलेली पोरे भाड्याच्या खोल्यांतून या शहरात एकटी राहतात. येलहंक्याच्या आसपासची महाविद्यालये आणि वसतिगृहे पाहिली की अशा जागेची निकड वेगळी सांगावी लागत नाही. सोळाव्या वर्षी स्वतः त्या कड्यावर उभ्या असलेल्या माणसाने ती काढली, म्हणून तिच्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे.

ज्यांनी त्यांना ऐकलेले नाही त्यांनी प्रत्यक्ष मैफलींच्या चित्रफितींपासून सुरुवात करावी. उजव्या हाताकडे बघत ऐकावे. तार सोडून हात बोंगोवर जातो आणि परत येतो, तेवढ्या अवधीत मागची तार कशी घुमत ठेवली आहे, तिथे लक्ष द्यावे. त्यांची खरी कारागिरी त्या अंतरात आहे.

आणि एक मागणे. टिळकांच्या भजनांच्या चाली महाराष्ट्रातल्या मंडळ्यांतून आजही टाळ-ढोलकीवर गायल्या जातात. त्यांतली एखादी या गिटारवर, शब्द न घेता, कुणीतरी वाजवावी. बेनी प्रसाद यांनीच वाजवली तर उत्तम. नाहीतर अहिल्यानगरच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या चर्चमध्ये गिटार शिकणाऱ्या पोराने तरी हे मनावर घ्यावे. ढोलकीची थाप त्याच्या कानात लहानपणापासून असेलच.