आमवात आणि पेशींचे निरोप

बोटांच्या पेरांवर सूज, अंगठी निघत नाहीं, सकाळीं उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाहीं. दुपारपर्यंत मात्र हात पुष्कळसा मोकळा होतो. घरांतील एखादी चाळिशीची बाई अशी तक्रार सांगूं लागली म्हणजे आंबट पदार्थ बंद होतात आणि तेल चोळणें सुरू होतें. शेकल्यानें बरें वाटतेंही. पण म्हातारपणीं गुडघे झिजतात, त्या संधिवाताहून हा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, अगदीं निराळा आहे. येथें सांधा नुसता झिजत नाहीं, तो पोखरला जातो. आणि पोखरणाऱ्यांपैकीं पुष्कळ पेशी त्याच सांध्याच्या रहिवासी असतात.

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि सांध्याच्या पिशवीला आंतून एक नाजूक अस्तर असतें. त्याची जाडी एक ते तीन पेशींइतकीच. त्यांतील कांहीं पेशी वंगण तयार करतात, कांहीं केरकचरा उचलतात. आमवातांत हें अस्तर फुगतें, रक्तांतील संरक्षक पेशी तेथें गर्दी करतात, आणि अस्तराची कड कूर्चेवर व हाडावर चढूं लागते.

मग कूर्चेचा नाश नेमका कोण करतें? १९७७ सालीं केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेंतील ऑनर फेल व जब या संशोधकांनीं याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. डुकराच्या सांध्यांतील अस्तर व कूर्चा त्यांनीं बशींत जवळजवळ ठेवून जतन केलीं. दोन्ही एकमेकांना चिकटून असतांना कूर्चा जिवंत असो वा मृत, ती विरघळे. दोहोंत अंतर ठेवल्यावर मात्र मृत कूर्चेला कांहीं झालें नाहीं. विरघळली ती जिवंत कूर्चाच! याचा अर्थ असा कीं, अस्तराकडून कांहींतरी निरोप जात होता आणि तो ऐकून कूर्चेच्या पेशी आपलेंच घर मोडीत होत्या. हा निरोप म्हणजे इंटरल्यूकिन-१ हें प्रथिन, असें पुढील दशकांत सिद्ध झालें.

अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. जखम झाली, जंतू शिरले, कीं हींच प्रथिनें शरीराला जागें करतात. तीं मुळांत शत्रू नव्हेत. आमवातांत हांक थांबतच नाहीं, इतकेंच. टीएनएफ नांवाचें सायटोकाइन अस्तराच्या पेशीवरील ठरलेल्या जागीं चिकटतें. त्याबरोबर पेशीच्या आंत एकापुढें एक खुणा पोहोंचत जाऊन कांहीं जनुकें कामाला लागतात. पेशी कूर्चेचे तंतू तोडणारीं विकरें सोडते, वेदना वाढविणारीं द्रव्यें सोडते आणि स्वतःही नवे निरोप पाठविते. त्यांतील एका निरोपानें हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात. इंटरल्यूकिन-६ तर रक्तावाटें यकृतापर्यंत जातें. तपासणींत सीआरपी वाढतें, लोह अडकून पडल्यामुळें रक्त कमी होतें, अंगांत त्राण राहत नाहीं, तें बहुतेक यामुळें. रक्तांत त्याचें प्रमाण पहांटेच्या सुमारास चढतें. सकाळच्या आंखडलेल्या मुठीशीं त्याचा संबंध जोडला जातो.

इतके निरोप सुटले असतां एकटा अडवून काय साधणार, हा आक्षेप रास्तच होता. १९८९ सालीं लंडनमधील मार्क फेल्डमन, लुधियान्यांत जन्मलेले रविंदर मैनी व त्यांचे सहकारी यांनीं रोग्यांच्या सांध्यांतील पेशी बशींत ठेवून त्यांत टीएनएफला बांधून टाकणारें प्रतिद्रव्य घातलें. टीएनएफ निकामी होतांच इंटरल्यूकिन-१ ची निर्मितीही घसरली. निरोपांतही वडीलधाकटे असतात तर! १९९२ सालीं टीएनएफला बांधणारें असेंच प्रतिद्रव्य माणसांना टोंचलें गेलें, आणि वर्षानुवर्षें सुजलेले सांधे कांहीं आठवड्यांत उतरूं लागले.

तरीही सर्वांना सारखा गुण येत नाहीं. रोग्यांच्या अस्तरांतील तंतुपेशी, मनुष्याच्या कूर्चेसह, प्रतिकारशक्ति नसलेल्या उंदरांत रोपल्या, तेव्हां कोणाचाही निरोप नसतां त्या कूर्चेंत घुसल्या. दीर्घकाळ चिथावलेली पेशी ती संवय सोडीत नाहीं, असें दिसतें. आणि पोखरलेलें हाड व कूर्चा पूर्ववत् होत नाहींत. म्हणून पहिल्या कांहीं महिन्यांचें मोल फार. आरंभीं बहुधा मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकदांच देतात. तें रोज घेणें घातक आहे, हें घरांत सर्वांना ठाऊक असावें.

टीएनएफरोधक इंजेक्शनाबद्दल आपल्या देशांत आणखी एक सावधगिरी लागते. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरांत बारीक गांठींत कोंडलेले असतात, आणि त्या गांठीची भिंत टिकवून धरण्यास टीएनएफच लागतें. तें अडविलें कीं निजलेला क्षय उठूं शकतो. यासाठीं पहिल्या इंजेक्शनापूर्वीं छातीचा एक्स-रे आणि क्षयाची त्वचेची किंवा रक्ताची तपासणी करतात. जंतू दडलेले आढळल्यास आधीं त्यांवरचें औषध सुरू होतें.