रोज नवा पदार्थ आणि २१ दिवसांचा गैरसमज

स्वयंपाकाची सवय लागावी म्हणून घरी रोज एक नवा पदार्थ करून पाहण्याचा संकल्प हल्ली अनेक जण करतात आणि त्याची मुदत बहुधा २१ दिवसांची असते. एखादी गोष्ट सलग २१ दिवस केली की ती अंगवळणी पडते, हे विधान इतक्या ठामपणे केले जाते की ते एखाद्या प्रयोगातून सिद्ध झाले असावे, असेच ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात या आकड्यामागे सवयींवरचा कोणताही प्रयोग नाही. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात एवढेच नोंदवले होते, की शस्त्रक्रियेने बदललेला चेहरा रुग्णाला आपला वाटू लागायला, किंवा कापलेला अवयव अजून जागेवरच असल्याचा भास ओसरायला, कमीत कमी २१ दिवसांच्या आसपास काळ जातो. दवाखान्यातल्या या निरीक्षणाचा पोळ्या लाटण्याशी किंवा भाजी फोडणीला टाकण्याशी काहीही संबंध नव्हता, आणि त्यातली किमान मर्यादा पुढे हमी म्हणून सांगितली जाऊ लागली.

सवय लागायला किती काळ लागतो, हे मोजण्याचा गंभीर प्रयत्न युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचा अभ्यास २०१० साली 'युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी'मध्ये छापून आला. ९६ स्वयंसेवकांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक कृती निवडली आणि ती न्याहारीनंतर किंवा तशाच एखाद्या ठरलेल्या वेळी १२ आठवडे केली. कृती विचार न करता आपोआप घडू लागणे, ज्याला मानसशास्त्रात स्वयंचलितता म्हणतात, त्या टप्प्यापर्यंत पोहोचण्याचा मध्यक ६६ दिवस निघाला; व्यक्तिपरत्वे तो काळ १८ ते २५४ दिवस होता, आणि यातला मोठा आकडा १२ आठवड्यांच्या नोंदींवरून गणिताने पुढे नेऊन काढलेला होता. एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही, हेही याच अभ्यासात दिसले, तरीही चौदाव्या दिवशी पाहुणे आले आणि खंड पडला म्हणून संपूर्ण संकल्पच सोडून देणारी माणसे आजही जागोजागी आढळतात, याचा दोष त्या माणसांकडे नव्हे तर २१च्या आकड्याकडे जातो.

याहून महत्त्वाची बाब अशी, की सवय पुनरावृत्तीतून जडते आणि रोज नवा पदार्थ करण्यात पुनरावृत्तीच टाळलेली असते. संध्याकाळी ठरलेल्या वेळी ओट्यापाशी उभे राहणे, ही सवय अशा उपक्रमातून लागू शकते. भरली वांगी करण्याचा हात मात्र एकदा करून बसत नाही. दाणे, तीळ आणि सुके खोबरे किती भाजायचे, सारण किती सैल ठेवायचे, आच कधी मंद करायची, हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळू लागते, आणि एकदा कळले की तोंडली, ढोबळी मिरची, भेंडी यांच्यासाठी तेच ज्ञान थोड्या फेरफाराने पुरते. म्हणून २१ दिवसांत २१ पदार्थ करण्यापेक्षा सात पदार्थ तीन-तीन वेळा करणे शिकणाऱ्याच्या अधिक उपयोगाचे आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पदार्थ बदलला की आहारही वैविध्यपूर्ण होतो, हा समज तितकाच चुकीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने स्त्रियांच्या आहारातील विविधता मोजण्यासाठी अन्नाचे दहा गट पाडले असून दिवसभरात त्यांपैकी किमान पाच गट खाण्यात यावेत, असा निकष ठेवला आहे. सोमवारी कांदेपोहे, मंगळवारी साबुदाण्याची खिचडी आणि बुधवारी बटाट्याची भाजी केली, तर नावे तीन झाली, पण तिन्हींचा मुख्य घटक धान्ये व कंदमुळे या एकाच गटातला राहिला; उलट नेहमीच्या वरणभाताला पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक यांची जोड मिळाली, तर काहीही नवे न शिकता गट वाढतात.

मुलांनी पहिल्याच दिवशी ताट सरकवले म्हणजे पदार्थ फसला, असे नव्हे, कारण अनोळखी चव मुलांना रुचायला अनेकदा आठ-दहा वेळा चाखावी लागते. नव्या पदार्थाला परदेशी सामग्रीच हवी, हेही खरे नाही; करून न पाहिलेले पदार्थ मराठी पाकपुस्तकांतही भरपूर सापडतात. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली एक हजार पाकक्रियांचे मराठी पुस्तक सिद्ध केले होते. घरातल्या सर्वांनाच हा उपक्रम सारखाच हौसेचा वाटतो, हे तर आकड्यांनीच खोटे ठरते: २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि ती करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवत असल्याचे दिसले, तेव्हा नवा पदार्थ सुचवणाऱ्याने तो स्वतः रांधून भांडीही घासावीत, ही अपेक्षा रास्त आहे.

रोज नवे रांधले की जुने उरतेही. उरलेला भात पुन्हा कडकडीत तापवला की खाण्यास सुरक्षित होतो, हा समज मात्र धोकादायक आहे. तांदळातील बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात तासन्‌तास बाहेर राहिल्यास वाढून उलट्या घडवणारे विष तयार करू शकतात आणि ते विष घरगुती आचेने नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा.